कप्तानाच्या तोंडची ओळ

लिफ्टमध्ये दोघी जणी हसत होत्या. वरच्या मजल्यावरच्या विमा कंपनीतल्या असाव्यात, गळ्यात निळ्या फितीची ओळखपत्रं होती. एकीच्या हातात फोन, दुसरी तिच्या खांद्यावर रेललेली, आणि फोनवर एक म्हातारा कप्तान फुटक्या जहाजाच्या डेकवर मरत होता. तो माझ्या ओळखीचा होता. तीन आठवडे मी त्याच्याबरोबर काढले होते. त्याची दाढी, शर्टाचं तुटलेलं बटण, मरण्याआधी तो दोनदा जिभेने ओठ ओले करतो ते, सगळं मला पाठ होतं. तो खलाशाचा हात धरतो, वारा घोंगावतो, तो काहीतरी पुटपुटतो, आणि चित्राच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत उमटतं: दोरीवरचे कपडे आत घेतलेस का? दोघी पुन्हा खिदळल्या. मीही हसले. तिघींच्या लिफ्टमध्ये दोघी हसल्या की तिसरीला हसावंच लागतं. "कुठे मिळालं हे?" मी विचारलं. "टॉरेंटवर आलाय अख्खा पिक्चर," फोनवाली म्हणाली, "अजून थिएटरला लागायचाय. पण ही ओळ बघा ना, कोण येडं बसलंय लिहायला!" तेवढ्यात माझा मजला आला. ते येडं लिफ्टमधून उतरलं, आणि आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून सँडलचा पट्टा नीट करायला खाली वाकलं.

आमचं ऑफिस परक्या भाषांतल्या चित्रपटांना सबटायटल लावून देतं. ऐकायला सोपं वाटतं, पण काम किचकट. माणूस पडद्यावर दोन सेकंद बोलला तर ओळ दोन सेकंदांत वाचून व्हायला हवी. तो गप्प झाल्यावर ती रेंगाळली तर बघणाऱ्याची चिडचिड होते. एखादी ओळ जमत नसेल तर बाकीचे जागा रिकामी सोडतात आणि प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातात. मला ते कधी पटलं नाही. रिकाम्या जागेवरून लांबीचा अंदाज येत नाही. मी तिथे तेवढ्याच लांबीची कुठली तरी ओळ ठेवते, त्या क्षणी घरात जे चाललं असेल त्यातली. एका राणीने माझ्या कृपेने दोन दिवस 'बाथरूमचा नळ पुन्हा गळायला लागलाय' असं म्हणत राज्यत्याग केला होता. खरी ओळ सुचली की मी ती बदलते, आणि काही बिघडत नाही. पंधरा वर्षांत काही बिघडलं नव्हतं. ही खोड फक्त नवऱ्याला ठाऊक होती, कारण तो कधीमधी माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचायचा. त्या दिवशी वारा सुटला होता, गॅलरीत कपडे फडफडत होते, आणि कप्तानाचं शेवटचं वाक्य काही केल्या माझ्या भाषेत येत नव्हतं.

दहा वाजता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मास्तर आधीच येऊन बसले होते. मास्तर पूर्वी शाळेत भाषा शिकवायचे, म्हणून मास्तर. आमच्याकडे ते तपासनीस. मी घरी कच्ची प्रत करायची, ती मेलने त्यांच्या घरी जायची, ते तपासून ऑफिसला पाठवायचे. साठीला टेकलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा डोळा त्याच वाटेवर. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की चूक करणाऱ्यालाही बरं वाटावं. मला हे काम येतं ते त्यांच्यामुळे. "बघणाऱ्याला सगळं सांगू नकोस, त्याला चेहरा दिसतोय," हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. आणखी कुणी मला इतकं उपयोगाचं काही सांगितल्याचं आठवत नाही. त्या सकाळी ते भिंतीवरच्या फळ्याकडे बघत बसले होते. चित्रपटवाल्यांचं कौतुकाचं पत्र तिथे टाचलेलं होतं. मरणाऱ्या कप्तानाची ओळ वाचून आमच्या अंगावर काटा आला, असं त्यांनी कळवलं होतं. अर्थात ती खरी ओळ, कपड्यांची नव्हे.

मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. चित्रावर आडवं आमच्या ऑफिसचं नाव उमटलेलं होतं, म्हणजे माल आमच्याच दारातून गेला होता. "ऑफिसला आलेल्या प्रतीत ही ओळ नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्याच्या आधीच बाहेर पडलंय. आधी ते तुम्हा दोघांकडेच होतं." मग माझ्याकडे वळून, "ही ओळ तुझी?"

"हो," मी म्हणाले.

"मास्तरांकडे गेली तेव्हा होती?"

मला त्या क्षणी खरंच आठवत नव्हतं. निदान असं मी स्वतःला अजून सांगते. "असेल," मी म्हणाले.

"होती ना," मास्तर म्हणाले. "मीच तर बदलली."

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी खरी ओळ मोठ्याने वाचली: "मी घाबरलो होतो, हे कुणाला सांगू नकोस." आणि विचारलं, "ही तुमची?" "मग कुणाची?" म्हणत मास्तरांनी फळ्यावरच्या पत्राकडे बोट केलं, आणि त्यांचा चेहरा तसाच खुलला. दिवसाला चारशे ओळी तपासणाऱ्या माणसाला कुठली आपण बदलली आणि कुठली मुळातच बरी होती, ते आठवत नसतं. पण 'आठवत नाही' असं म्हणणारा तपासनीस मी आजवर पाहिलेला नाही. मला राग आला. भीती नव्हे, आधी राग. अहो मास्तर, ती माझी आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "म्हणजे कपड्यांची ओळ असलेली प्रत तुमच्या लॅपटॉपवर होती तर," आणि मी तोंड मिटलं. मॅडम पुढे म्हणाल्या की कायद्याचं प्रकरण आहे, चित्रपटवाल्यांचे वकील मागे लागलेत, ऑफिसचा कॉम्प्युटरवाला दोघांचे लॅपटॉप तपासेल, उद्या घेऊन या. "मी माझा लॅपटॉप देणार नाही," मास्तर म्हणाले. "मास्तर, याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना तुम्हाला?" "कळतंय," ते म्हणाले आणि उठून गेले. माझा लॅपटॉप मग कुणी मागितलाच नाही.

डोकं दुखतंय सांगून मी दुपारीच निघाले. ते खोटं नव्हतं. बसमध्ये मागच्या सीटवरचा माणूस फोनवर कुणाला तरी "काय राव, घेतले का कपडे आत?" म्हणाला आणि मी दोन स्टॉप आधीच उतरले. चालताना मला तो प्रोग्रॅम आठवत होता. खरं तर त्याचाच विचार मी सकाळपासून टाळत होते. गेल्या वर्षी ऑफिसने कच्च्या प्रती घरून करायला सांगितल्या तेव्हा सबटायटलचा प्रोग्रॅम फक्त ऑफिसच्या मशीनवर होता. घरचं तुमचं तुम्ही बघा, असं सांगण्यात आलं. तो विकत घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मी टॉरेंटवरून उतरवला, कुलूप फोडलेला. टॉरेंटवर फाइल एका जागेहून येत नाही. जगात ज्यांच्या ज्यांच्याकडे ती असेल त्यांच्याकडून तुकडा तुकडा येते, आणि तुमच्याकडे आलेला तुकडा त्याच वेळी पुढच्याला जात असतो. घेणारा प्रत्येक जण वाटणाराही. मला ते तेव्हा फार आवडलं होतं. एकशे सेहेचाळीस अनोळखी माणसं माझ्यासाठी आपापले कॉम्प्युटर चालू ठेवून बसली होती. माझ्या सख्ख्या भावाने कधी साधी छत्री दिली नाही. प्रोग्रॅमसोबत सूचनांची एक चिठ्ठी होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. मग ही फाइल उघडा. लाल इशारा आला तर घाबरू नका, तो खोटा असतो. किती नेटकी वाक्यं, असं मला वाटलं होतं, एकही शब्द जास्तीचा नाही. मी अँटिव्हायरस बंद केला. घराची राखण करणारा ओरडून सांगत होता आणि मी त्याला गप्प करून अनोळखी माणसाचं ऐकत होते, आणि वर त्याच्या भाषेचं कौतुक करत होते.

गुन्हा आहे का हा, असं मी नवऱ्याला तेव्हा जेवताना विचारलं होतं. तो म्हणाला, "टॉरेंट म्हणजे नुसता रस्ता. रस्त्यावरून जाणं गुन्हा नाही, खांद्यावर कुणाची गोणी आहे त्यावर आहे." "आणि आपली गोणी?" "चोरीचीच आहे," तो म्हणाला आणि दोघंही हसलो. तो मला शाबासकी देत होता, एकटीने एवढं जमवलंस म्हणून. गंमत अशी की प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला येणारी ताकीद, अनधिकृत प्रत करणे हा दंडनीय गुन्हा आहे वगैरे, ती आमच्या भाषेत मीच लिहिलेली आहे. चाळीस-पन्नास चित्रपटांवर तीच फिरते. ती मी त्याच चोरीच्या प्रोग्रॅमवर बसवत होते, ठरल्याप्रमाणे सहा सेकंद, आणि एकदाही हात थांबला नाही. मला वाटायचं चोर म्हणजे चित्रपट चोरणारे. आपलं काय, आपण तर काम करतोय.

घरी आले तेव्हा ऊन गॅलरीतून आत आलं होतं. लॅपटॉप उघडायला मला बराच वेळ लागला. आधी भांडी घासली, मग ओटा पुसला, मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. कच्च्या प्रती मी 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून ठेवते, पुसत नाही. तिथे कप्तान होता आणि त्याच्या तोंडी कपडे होते. मग मी मास्तरांना पाठवलेला मेल उघडला. त्याला जोडलेल्या फाइलमध्ये कप्तान म्हणत होता, मी घाबरलो होतो, हे कुणाला सांगू नकोस. दोन्ही तारखा पाहिल्या, मग वेळा पाहिल्या. मग आठवलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना ओळ सुचली होती, मी कंगवा केसांत तसाच ठेवून धावत येऊन ती बसवली, आणि मग मेल केला. कपड्यांची ओळ मास्तरांकडे कधी गेलीच नव्हती. ती या लॅपटॉपच्या बाहेर कुठेच नव्हती. वर्षभर बंद असलेला अँटिव्हायरस मी चालू केला. मिनिटभरात तो म्हणाला, एक सापडलं, आणि तारीख दाखवली. त्या नेटक्या चिठ्ठीची तारीख. वर्षभर कुणीतरी माझ्या खांद्यावरून वाचत होतं, नवऱ्यासारखं, फक्त हसत नव्हतं. मी प्रोग्रॅम काढला, 'जुनं' पुसलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग टॉरेंटचं पान उघडून पाहिलं. तो चित्रपट वाटणारे दोन हजार तीनशे दहा. पान परत उघडलं, दोन हजार तीनशे चौतीस. मी बघत बसले. माझ्या घरातून पुसलेली गोष्ट आता चोवीस घरांत नव्याने आली होती, आणि त्यांतलं प्रत्येक घर ती पुढे देत होतं.

नवरा रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. सहाला आला, हाताला स्पिरिटचा वास, आणि दारातूनच हसत म्हणाला, "आज एका पेशंटला सुई टोचली तर तो विव्हळत म्हणतो, दोरीवरचे..." आणि माझ्याकडे बघून थांबला. "ही तुझी ओळ आहे," तो म्हणाला. मी सगळं सांगितलं. तो मोरीवर जाऊन हात धुवायला लागला आणि कितीतरी वेळ धूत राहिला.

"तुला कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग?"

"मास्तरांना काढतील रे."

"ते स्वतःच म्हणाले ना, मी बदलली म्हणून?"

"त्यांना वाटतंय तसं."

"हे बघ," तो म्हणाला, "डॉक्टरने साखर बघायला सांगितली तर आम्ही साखरच लिहितो. रक्तात आणखी काही दिसलं तरी कुणी विचारल्याशिवाय आम्ही बोलत नाही."

"आणि जे दिसलं त्याचं काय करतोस?"

"काय करणार? घरी येऊन जेवतो." मग टॉवेल खुंटीला लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "नेटचं कनेक्शन माझ्या नावावर आहे. पोलीस आले तर आधी माझ्याकडे येतील." तो वाईट माणूस नाही. टॉवेल दोनदा खुंटीवरून खाली पडला. चौदा वर्षांच्या संसारात मी त्याला एवढा घाबरलेला पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझ्यामुळे घाबरला होता. आमचं घर दोन खोल्यांचं. या खोलीतून त्या खोलीत गेलं की परत याच खोलीत यावं लागतं. त्या आठवड्यात मी ते किती वेळा केलं याला गणती नाही.

दहाव्या दिवशी मास्तरांना प्रकृतीच्या कारणावरून कमी केलं. कुणीतरी निरोपाचं कार्ड फिरवलं आणि त्यावर एका शहाण्याने लिहिलं, मास्तर, आता निवांत कपडे आत घ्या. सगळे हसले. मी खाली सही केली. सही करताना हाताला काही झालं नाही, पण जागेवर बसल्यावर एक ओळही बसवता येईना, म्हणून मी उठले आणि थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, ती ओळ..." एवढंच म्हणाले. मॅडमनी हात वर केला. उठून दार लावलं. त्या दमलेल्या दिसत होत्या, डोळ्यांखाली काळं आलं होतं. "ती ओळ आता कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "माणूस सापडला, आम्ही काढला, असं मी चित्रपटवाल्यांना लिहून दिलंय. त्यावर त्यांनी काम काढून घेतलं नाही. आता आणखी एक माणूस सापडला तर ते म्हणतील, तुमच्याकडे सगळेच असले. बाहेर बावीस जण बसलेत. तू काय सांगायला आली होतीस?" मी बाहेर पाहिलं. काचेपलीकडे बावीस डोकी पडद्यांकडे तोंड करून बसलेली होती. "मास्तरांचा पत्ता हवा होता," मी म्हणाले. त्यांनी तो लगेच लिहून दिला.

रविवारी सकाळी गेले. तिसरा मजला, जिन्यात कुणाच्या तरी सायकली. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं. मी त्यांना काकू म्हणते. "या, या, तुमचंच नाव काढत होते," त्या म्हणाल्या, आणि मी सँडल काढायला नको इतका वेळ लावला. मास्तर खिडकीपाशी भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. घरच्या कपड्यांत ते लहान दिसत होते. मी जिन्यात वाक्य तयार केलं होतं, दोन सेकंदांत म्हणून होईल असं: मास्तर, ते माझ्याकडून गेलं. मी बसले, पाणी प्याले आणि तोंड उघडलं, तर मास्तरच बोलायला लागले.

"तू आलीस ते बरं झालं. मला हिंमत होत नव्हती यायची. अगं, तू तो प्रोग्रॅम मला पेनड्राइव्हवर दिला होतास ना, तो अजून आहे माझ्याकडे. लॅपटॉप तपासला असता तर कुठून आला म्हणून विचारलं असतं. तुझं नाव निघालं असतं. आणि खोटं कशाला बोलू, माझंही निघालंच असतं. पण विषय तो नाही." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "ती ओळ माझ्याकडूनच गेली. मला सगळं आठवतंय. मी इथेच बसलो होतो. कपड्यांचं वाचून हसलो, हिलाही वाचून दाखवलं. मग वाईट वाटलं त्या कप्तानाचं. म्हटलं, एवढा मोठा माणूस, मरताना काय म्हणेल? आणि मग ती सुचली." काकू दारात उभ्या होत्या. "मला वाचून दाखवली होती खरी," त्या म्हणाल्या. त्यांनी मला ओळ दाखवावी, खिडकी दाखवावी, आणि त्यातलं काहीच घडलेलं नसावं. आता मी खरं सांगितलं तर चोरी माझ्याकडे यायची, पण ती ओळही माझ्याकडे यायची, आणि नोकरी गेल्यावर या माणसाकडे तेवढीच उरली होती. हे मला त्या क्षणी खरोखर वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं की हे कारण मला फारच सोयीचं आहे.

"तुझी कच्ची ओळ जगभर गेली," मास्तर म्हणाले, "लोक तुला हसले. तुझं नाव जाता जाता वाचलं. माझ्या हलगर्जीपणामुळे." त्यांचा ऑपरेशन झालेला डोळा पाणावला होता, की तो तसाच असतो, मला माहीत नाही. त्यांनी हात जोडले. मला शिकवणाऱ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. "मला माफ केलंस ना?"

"केलं," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी हसले बघा, असं काकू म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. आतूनच त्यांनी सांगितलं की यांना आता वाचवत नाही, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही दर रविवारी येऊन थोडं वाचून दाखवाल का. मास्तर नको नको म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले. याला आता सात महिने झाले. मी दर रविवारी जाते, दोन तास वाचते, ते मध्येच थांबवून माझे उच्चार सुधारतात. आणि निघताना, मी दारात सँडल घालत असताना, ते न चुकता पुन्हा एकदा माफी मागतात, आणि मी दर वेळी त्यांना माफ करते.